हलगी कोणत्या खंडात लावायची?

कुस्तीचं मैदान असो, गावदेवी लक्ष्मीची यात्रा असो, नाहीतर कडोलीच्या साहित्य संमेलनाची ग्रंथदिंडी असो, आमच्या बेळगाव तालुक्यात मिरवणूक निघायची म्हटलं की हलगीवाले आधी सांगून ठेवावे लागतात. लाकडाचं नाहीतर लोखंडाचं कडं, त्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं, एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी. कातडं सैल पडलं की चार काटक्या पेटवून शेकायचं. वाद्य एवढंच. आता समजा, ज्ञानकोशासाठी कोणी या वाद्यावर आणि ते वाजवणाऱ्यांवर नोंद लिहायला बसलं. ती लावायची कुठे? ‘मराठी लोकसंगीत’ म्हणावं, तर वाजवणाऱ्यांतले निम्मे घरी कन्नड बोलतात. ‘कन्नड जानपद’ म्हणावं, तर तीच हलगी कोल्हापूरच्या शाहिरामागे वाजते. ‘अवनद्ध वाद्ये’ म्हणावं, तर शास्त्राचं समाधान होतं, पण माणूस नाहीसा होतो. आणि ‘दलित संगीत’ म्हणावं, तर पहिला आक्षेप कदाचित त्याच वस्तीतून येईल: आमच्या आज्ज्यानं ती वाजवली, कारण त्याला दुसरं काही करू दिलं नाही. त्यावरून तुम्ही आमचं संगीत ठरवणार?

हाच वाद अमेरिकेत शंभराहून अधिक वर्षं चालू आहे. तिथे प्रश्न असा: ‘ब्लॅक म्युझिक’, म्हणजे कृष्णवर्णीयांचं संगीत, हा कोशात स्वतंत्र विषय होऊ शकतो का? की ब्लूज, जॅझ, गॉस्पेल, सोल, हिप-हॉप यांच्या वेगवेगळ्या नोंदी पुरेत, आणि त्या सगळ्यांना कातडीच्या रंगाच्या दोरीने बांधणं हीच मुळात वर्णद्वेषाची सवय? दोन्ही बाजूंना मोठी माणसं आहेत. मी त्यांचं ऐकलं ते हलगीच्या कामी काय येतं हे पाहण्यासाठी.

आधी हा कप्पा कोणी पाडला ते पाहू. १९२० च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या ओके कंपनीने मॅमी स्मिथ या गायिकेची ‘क्रेझी ब्लूज’ ही तबकडी ध्वनिमुद्रित केली. ती इतकी खपली की काळ्या गिऱ्हाइकाकडे पैसे आहेत हे कंपन्यांच्या ध्यानात आलं आणि ‘रेस रेकॉर्ड्स’ नावाची वेगळी यादी सुरू झाली. दक्षिणेतल्या गोऱ्या खेडुतांच्या गाण्यांसाठी ‘हिलबिली’ ही दुसरी यादी आली. दोन्ही याद्या घडवण्यात राल्फ पीअर या एकाच माणसाचा मोठा हात होता. कार्ल हॅगस्ट्रॉम मिलर यांनी २०१० साली ‘सेग्रिगेटिंग साउंड’ या पुस्तकात दाखवलं की त्याआधी दक्षिणेतले काळे आणि गोरे वादक एकमेकांची गाणी सर्रास वाजवत होते. बॅलड, नाचाच्या चाली, शहरातून आलेली नवी गाणी, ज्याला जे जमेल ते. कंपन्यांनी काळ्याकडून फक्त ब्लूज घेतलं आणि गोऱ्याकडून फक्त डोंगरी गाणी. पुढे संशोधक आले, त्यांनी तबकड्या ऐकल्या आणि म्हणाले, पाहा, दोघांचं संगीत किती वेगळं आहे!

‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकाने काळ्या गिऱ्हाइकांच्या आवडीची यादी छापायला १९४२ मध्ये सुरुवात केली. तेव्हा तिचं नाव ‘हार्लेम हिट परेड’ होतं. १९४५ ला ते ‘रेस’ झालं, १९४९ ला ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’, १९६९ ला ‘सोल’, १९८२ ला सरळ ‘ब्लॅक’, आणि १९९० मध्ये पुन्हा ‘आर अँड बी’. गाणी बदलत होती हे खरं, पण पाटी त्यांच्यासाठी बदलली नाही. दुकानदाराला त्या त्या काळी कोणतं नाव लाजिरवाणं वाटत नव्हतं, एवढाच तिचा आधार. असल्या पाटीवर कोशकाराने विसंबावं का?

या बाजूचा सर्वांत धारदार युक्तिवाद फिलिप टॅग या ब्रिटिश संगीतशास्त्रज्ञाचा. त्यांचं अनावृत पत्र १९८९ मध्ये ‘पॉप्युलर म्युझिक’ या नियतकालिकात छापून आलं. म्हणणं असं: काळ्या संगीताची म्हणून सांगितली जाणारी लक्षणं एकेक तपासा. पडता गंधार-निषाद म्हणाल, तर तसे स्वर ब्रिटन आणि स्कँडिनेव्हियाच्या लोकगीतांतही सापडतात. एकाने म्हणायचं आणि इतरांनी झेलायचं म्हणाल, तर ते चर्चमधल्या स्तोत्रगायनातही आहे. आयत्या वेळी रचून वाजवणं म्हणाल, तर युरोपातले ऑर्गनवादक शतकानुशतकं तेच करत आले. उलट आफ्रिका केवढी मोठी! तिथल्या एका टोकाचं संगीत दुसऱ्या टोकाशी जुळेलच कशावरून? टॅग यांचा खरा टोला पुढे आहे. ‘व्हाइट म्युझिक’ असं कोणीच का म्हणत नाही? गोऱ्याचं ते नुसतं संगीत आणि काळ्याचं ते ‘काळं’ संगीत, ही विभागणीच सांगते की नियम कोण आणि अपवाद कोण.

हा टोला मराठी वाचकाला नवा नाही. आपल्याकडे ‘दलित साहित्य’ म्हणतात, ‘ब्राह्मणी साहित्य’ असा विभाग ग्रंथालयाच्या कपाटावर दिसत नाही. साठ-सत्तरच्या दशकांत ‘साहित्य ते साहित्य, त्याला दलित कशाला म्हणायचं?’ हा प्रश्न किती जणांनी किती सात्त्विक चेहऱ्याने विचारला! पण मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन १९५८ मध्ये भरलं आणि हे नाव लिहिणाऱ्यांनी स्वतः घेतलं. नाव दुसऱ्याने चिकटवलं की स्वतः धारण केलं, हा फरक टॅग यांच्या पत्रात पुरेसा येत नाही. मला तिथेच ते अपुरं वाटतं.

कारण दुसऱ्या बाजूला डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस उभे आहेत. त्यांच्या ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ या १९०३ च्या ग्रंथाचं शेवटचं प्रकरण गुलामांच्या शोकगीतांवर आहे. अमेरिकेने जगाला दिलेलं अस्सल संगीत कोणतं असेल तर ते हे, असा त्यांचा दावा होता. पुढे १९६३ मध्ये अमिरी बराका यांनी (तेव्हाचे लीरॉय जोन्स) ‘ब्लूज पीपल’ लिहिलं. त्यांचा मुद्दा स्वरलक्षणांचा नव्हताच. गुलाम म्हणून आणलेला माणूस मुक्त नागरिक होईपर्यंत ज्या ज्या अवस्थांतून गेला, त्या प्रत्येक अवस्थेचा ठसा त्याच्या गाण्यात उतरला. म्हणून संगीताचा इतिहास हाच त्या लोकांचा इतिहास. १९९३ मध्ये पॉल गिलरॉय यांनी ‘द ब्लॅक अटलांटिक’ मध्ये हा विचार एका देशातून बाहेर काढला. आफ्रिका, कॅरिबियन, अमेरिका, ब्रिटन यांच्या मधल्या समुद्रावर जहाजांबरोबर ये-जा करणारी ही संस्कृती आहे. तिचं शुद्ध मूळ शोधायला जाऊ नका, आणि ती अस्तित्वातच नाही असंही म्हणू नका. या सगळ्या वादात मला सर्वांत पटलेली बाजू हीच.

डू बॉइस यांच्याबद्दल एक गोष्ट कोशाच्या संदर्भात सांगितलीच पाहिजे. आफ्रिकी वंशाच्या लोकांचा सर्वसंग्राहक ज्ञानकोश काढायचं १९०९ पासून त्यांच्या मनात होतं. पैशांअभावी तो रखडत गेला. शेवटी १९६१ मध्ये, वयाच्या नव्वदीनंतर, ते याच कामासाठी घानाला गेले आणि १९६३ मध्ये तिथेच वारले. काळ्या माणसाची नोंद इतरांच्या कोशात कशी होते, हे त्यांनी पुरतं पाहिलं होतं. आणि याच डू बॉइसना १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहून, निग्रो संघटनांनी संयुक्त राष्ट्रसंघाला दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या होत्या.

म्हणजे ही तुलना आजच्या विद्यापीठीय फॅशनची नाही. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये अर्पण केली ती निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. दलित पँथर १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झाली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. आणखी एक धागा क्वचितच कोणी ओढतो. मराठीतल्या पहिल्या मोठ्या ज्ञानकोशाचे कर्ते श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकले, आणि तिथे त्यांचा अभ्यासाचा विषय होता भारतातल्या जातींचा इतिहास. जातीचा अभ्यासक कोशकार झाला, तेवीस खंड काढून मोकळा झाला. मात्र जातीने संगीताचं काय केलं, हा प्रश्न मराठी कोशपरंपरेत मुख्य दाराने अजून आलेला नाही. वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली उभा राहिलेला तो डोंगर पाहिला की आदरच वाटतो. तरी अकारविल्हे कोशाचा एक स्वभाव असतो: त्यात लावणी ‘ल’ मध्ये जाते, तमाशा ‘त’ मध्ये, पोवाडा ‘प’ मध्ये, आणि या तिघांना जोडणारी माणसं दोन नोंदींच्या मधल्या फटीत पडतात.

ती माणसं पाहू. सांगली जिल्ह्यातला वाळवा तालुका घ्या. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव, ब्राह्मण. त्यांनी लावण्या रचल्या, फड उभारला, पवळा हिवरगावकर या महार कलावतीबरोबर रंगभूमी गाजवली, आणि त्यांना जात सोडावी लागली. त्याच तालुक्यातलं वाटेगाव हे अण्णाभाऊ साठ्यांचं गाव. मातंग समाजात जन्म, मुंबईच्या गिरणगावात वाढ, आणि १९४४ मध्ये अमर शेख व गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक. पठ्ठे बापूरावांची लावणी कोणाची? रचणारा ब्राह्मण म्हणून ती ब्राह्मणी होते? रचना ज्या फडाच्या, ज्या बायकांच्या, ज्या ढोलकीच्या जोरावर उभी राहिली, ते सगळं तर दुसरीकडचं. ड्व्होर्झाक या चेक संगीतकाराने १८९३ मध्ये अमेरिकेत राहून ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनी लिहिली आणि निग्रो गीतांवरच अमेरिकेचं पुढचं संगीत उभं राहील असं म्हटलं; त्या सिंफनीला कोणी ब्लॅक म्युझिक म्हणत नाही. रचनाकाराची जात किंवा कातडी हा निकष लावला की पाच मिनिटांत तो असा मोडून पडतो.

अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ तर याहून अवघड. आम्हा सीमाभागातल्या लोकांना ती घरच्यासारखी, कारण तिच्यात बेळगाव आणि कारवार यांची नावं आहेत, महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मुलखाचं दुःख आहे. प्रकाराने ती छक्कड, लावणीच्या घरातली. विचाराने कामगार चळवळीतली. प्रसंगाने संयुक्त महाराष्ट्राची. आमच्याकडे सीमालढ्याच्या सभेत ती म्हणणारे अनेकजण ती ‘दलित संगीत’ आहे असं म्हटलं तर दचकतील. ही दचक मला महत्त्वाची वाटते. गाणं सगळ्यांचं झालं की ज्याने ते रचलं त्याच्या सामाजिक पत्त्याचं पाकीट आपण हळूच फाडून टाकतो आणि म्हणतो, कलेला जात नसते. जात नसती तर अण्णाभाऊ शाळेत टिकले असते.

आता ज्याला निर्विवाद ‘आंबेडकरी संगीत’ म्हणता येईल तिकडे येऊ. सत्यशोधक जलशांच्या पायावर १९३० च्या सुमारास आंबेडकरी जलसे उभे राहिले. नाशिककडचे भीमराव कर्डक त्यांतले अग्रणी. मग सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक आले, त्यांनी गावोगाव फिरून हजारो गीतं रचली. विठ्ठल उमप आले, विलास घोगरे आले. या गाण्यांना टॅग यांचा चाप लावून पाहा. स्वरलक्षण एकही हाती लागत नाही. कव्वालीच्या ठेक्यावर भीमगीत आहे, भजनाच्या चालीवर आहे, लावणीच्या, सिनेमाच्या गाण्याच्या आणि आता डीजेच्याही ठेक्यावर आहे. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज आठवा. त्याच गळ्यातून कव्वाली आली, विठ्ठलाची आणि गणपतीची गाणी आली, भीमगीतंही आली. पंढरीच्या वारीला जाणाऱ्या गाडीत जो आवाज वाजतो तोच चौदा एप्रिलच्या मांडवात वाजतो. आवाजावरून वर्ग पाडणारा कोशकार इथे हात टेकेल.

तरी भीमगीत म्हणजे काय हे कोणत्याही खेड्यातल्या पोराला विचारा, तो चुकणार नाही. का? कारण हा प्रकार चालीने बांधलेला नाही. तो ऐकणाऱ्यांच्या जमावाने, तारखांनी आणि स्मृतीने बांधलेला आहे. १४ एप्रिल, ६ डिसेंबर, दीक्षाभूमी, चैत्यभूमी. कुठे गायचं, कोणासाठी गायचं, आणि ऐकणाऱ्याने कोणत्या शब्दावर उठून उभं राहायचं हे ठरलेलं. संगीताचा असा समाजबद्ध प्रकार असू शकत नाही असं म्हणणाऱ्याने नाट्यसंगीत हा प्रकार तरी कशाच्या आधारे मानला? तिथेही ठुमरी आहे, कर्नाटकी चाल आहे, लावणी आहे, गझल आहे. बांधणारी गोष्ट रंगमंच आहे. नाट्यसंगीताला नोंद मिळते तेव्हा कोणी विचारत नाही की याचं समान स्वरलक्षण काय.

हलगीच्या प्रश्नाला खरं उत्तर मिळतं ते बँजोपाशी. बँजोचा पूर्वज पश्चिम आफ्रिकेतला. गुलामांनी तो भोपळ्यावर कातडं ताणून अमेरिकेत पुन्हा घडवला. एकोणिसाव्या शतकात गोरे नट तोंडाला काळं फासून काळ्या माणसाची टिंगल करणारे खेळ करू लागले, आणि त्यांच्या हातात बँजो आला. काळ्या वादकांनी हळूहळू ते वाद्य टाकलं. ज्याने अपमान होतो ते कोण हातात धरील? विसाव्या शतकात बँजो म्हणजे गोऱ्या डोंगरी लोकांचं वाद्य असं सगळं जग मानू लागलं. रिआनन गिडन्ससारख्या कृष्णवर्णीय कलावतीने ते अलीकडे परत मिळवलं. २०२४ मध्ये बियॉन्सेच्या ‘काउबॉय कार्टर’ मध्ये गिडन्स यांचा बँजो वाजला आणि पुढच्या वर्षी या संग्रहाला कंट्री विभागाचा ग्रॅमी मिळाला, तेव्हा ‘हिचं गाणं कंट्री कसं?’ म्हणणारे होतेच. गुलामांच्या धर्मगीतांचंही तसंच. नॅशव्हिलच्या फिस्क विद्यालयाची मुलंमुली १८७१ मध्ये शाळेचं कर्ज फेडायला गात निघाली, तेव्हा आईबापांची ती गाणी लोकांपुढे म्हणायला त्यांना संकोच वाटत होता. दास्यातून नुकतं सुटलेल्याला दास्याचं गाणं नको होतं. पुढे त्याच गाण्यांनी शाळा तरली.

आमच्याकडे काय झालं? एप्रिल १९२५ मध्ये निपाणीला मुंबई इलाख्याची प्रांतिक बहिष्कृत परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. दोन वर्षांनी महाडचा सत्याग्रह. मग १९५६ चं धर्मांतर, १९५८ चा कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा. मेलेलं ढोर ओढणं, येसकर पाळी, आणि त्यांच्याच बरोबर गावाच्या दारात वाजवणं, हे अनेक ठिकाणी ठरवून सोडलं गेलं. ज्या वस्तीने वाजवणं सोडलं तिच्यावर गावाने बहिष्कार घातल्याच्या कहाण्या महाराष्ट्र-कर्नाटक दोन्ही राज्यांत आहेत. म्हणजे हलगीवरच्या नोंदीत ‘पारंपरिक वादक समाज अमुक’ असं लिहून भागत नाही. परंपरा म्हणजे इथे सक्ती होती. वाजवण्याचा इतिहास जेवढा खरा तेवढाच न वाजवण्याचाही. आणि तिसरा टप्पा: तीच हलगी, तोच डफ पुढे शाहिरी कलापथकांनी स्वेच्छेने हाती घेतला, जसं तमिळनाडूत पराई हे वाद्य घेतलं गेलं. सक्तीने वाजवलं, अभिमानाने सोडलं, अभिमानानेच परत घेतलं. या तीन पायऱ्या ‘अवनद्ध वाद्ये’ या नोंदीत कधीच मावणार नाहीत. ‘लोकवाद्ये’ मध्येही नाहीत, कारण ‘लोक’ म्हटलं की कोणी कोणाला वाजवायला लावलं हे झाकलं जातं.

सीमाभागाने या वादात घालायची भर इथेच आहे, असं मला वाटतं. आमच्याकडे भाषेची रेघ फार खोल. मराठी की कन्नड, हे पाटीवरून, शाळेवरून, आडनावावरून ठरवायची आम्हाला सवय. त्या रेघेने संगीत कापायला गेलं की सौंदत्तीच्या यल्लम्माचे जोगती मधोमध कापले जातात; चौंडकं एकच, गळा एकच, आणि गाणं डोंगरावर जमलेल्या माणसांप्रमाणे कधी कन्नड, कधी मराठी. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आनंद शिंदेंची मराठी गाणी आणि कर्नाटकातल्या दलित संघर्ष समितीच्या परंपरेतली कन्नड गाणी यांच्यात भांडण होत नाही. मराठी कोश एक अर्ध घेईल, कन्नड कोश दुसरं, आणि दोन्हींत ते तळटीप म्हणून राहील. जातीच्या इतिहासाने बांधलेली नोंद मात्र ते अखंड ठेवू शकते. संकुचित म्हणून ज्या वर्गावर टीका होते तोच इथे सर्वांत रुंद निघतो.

मग कातडीवरून किंवा जन्मावरून सरळ वर्ग पाडायला काय हरकत? हरकत आहे, आणि ती सांगायला आमचे शेजारी सिद्दी पुरे आहेत. खानापूरच्या जंगलापासून हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडपर्यंत आफ्रिकी वंशाचे हे लोक राहतात. बरेचसे पोर्तुगीज गोव्यातून पळून आलेल्या गुलामांचे वंशज. कोणी हिंदू, कोणी मुसलमान, कोणी ख्रिस्ती. घरची बोली कोकणी, तिच्यात मराठी आणि कन्नड मिसळलेली. उत्तर कन्नडच्या सिद्दींचा अनुसूचित जमातींत समावेश २००३ मध्ये झाला, बेळगाव-धारवाडच्या सिद्दींना त्यानंतर आणखी बरीच वर्षं थांबावं लागलं. त्यांचं डमाम हे मोठं दोन-तोंडी वाद्य आणि त्यावरचा नाच. हे ‘ब्लॅक म्युझिक’ आहे का? कातडी पाहिली तर शंभर टक्के. मग ते ब्लूज आणि हिप-हॉपच्या शेजारी बसवायचं? अटलांटिकशी त्यांचा संबंध नाही; त्यांचा रस्ता हिंदी महासागराचा, गोव्याच्या धक्क्याचा आणि पश्चिम घाटाचा. गुजरातेत रतनपूरला बावा गोरच्या दर्ग्यात सिद्दी मुगरमान वाजवतात, मलुंगा वाजवतात, तेही वेगळं. मलिक अंबर हबशी होता म्हणून निजामशाहीचा नगारखाना आफ्रिकी ठरत नाही. सिद्दींची नोंद हवी, सविस्तर हवी, पण ती गुलामीच्या आणि रानात वसण्याच्या त्यांच्या स्वतःच्या इतिहासाने बांधलेली. अमेरिकन खोक्यात त्यांना कोंबणं म्हणजे ‘सगळे काळे सारखेच’ हा जुना तिरस्कार नव्या प्रेमाने पुन्हा म्हणणं.

उलट्या बाजूचं उदाहरण गोव्यातून. १९३५ मध्ये लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय वादकाचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमध्ये आला, आणि त्या संगीतावर गोव्याचे वादक पोसले. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर व्हाझ ‘चिक चॉकलेट’ झाले, मुंबईचे लुई आर्मस्ट्राँग म्हणवले गेले. ‘अलबेला’ (१९५१) मध्ये सी. रामचंद्रांच्या संगीतात तो स्विंग सगळ्या महाराष्ट्राने गुणगुणला. पुणतांब्याचे राम चितळकर, गोव्याचे ख्रिस्ती वादक, न्यू ऑर्लिन्सचा ठेका. कातडी एकही काळी नाही, तरी त्या गाण्याचा वंश सांगताना कृष्णवर्णीयांचं नाव गाळलं तर ती चोरी होईल. म्हणजे वर्ग जन्माचा धरला तर सिद्दी चुकीच्या खोलीत जातात आणि ‘शोला जो भडके’ बाहेर राहतं. इतिहासाचा धरला तर दोघांनाही आपापली जागा मिळते.

काहीजण म्हणतील, एवढी कटकट कशाला? नावं आणि राग-ताल लिहा, बाकी सोडा. त्याचंही उदाहरण आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली गेली. तिच्यात सत्तावीस संगीतरचना. भारतातली एक, केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी. त्याच तबकडीवर ब्लाइंड विली जॉन्सन, लुई आर्मस्ट्राँग, चक बेरी. वर्ग नाही, जात नाही, वंश नाही. परग्रहावरच्या ऐकणाऱ्याला ते चालेल; त्याला पृथ्वीवर राहायचं नाही. आपल्याला मात्र हे कळलं पाहिजे की केसरबाई आणि मोगूबाई कुर्डीकर या दोघी गोव्याच्या कलावंत समाजातून का आल्या, आणि गंगूबाई हनगल, ज्यांनी १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये गांधीजींपुढे गायलं, त्यांना धारवाडच्या रस्त्यावर ‘गानेवाली’ म्हणून टोमणे का ऐकावे लागले. कोशात या तिघी ‘जयपूर-अत्रौली’ आणि ‘किराणा’ मध्ये आहेत, आणि तिथे त्या असल्याच पाहिजेत. त्यांना तिथून उचलून ‘देवदासी संगीत’ नावाच्या खोलीत बसवणारा कोश मी अडगळीत टाकीन. पण घराण्याच्या नोंदीतून त्या दुसऱ्या इतिहासाकडे ‘पाहा’ म्हणून बोट दाखवलेलं नसेल, तर तो कोश अर्धवट आहे.

माझा निकाल असा. ‘कृष्णवर्णीयांचं संगीत’ ही नोंद कोशात हवी. ‘दलित संगीत’ हीही हवी. मात्र ती ध्वनीची जात सांगणारी नोंद नसावी. ‘यांच्या संगीतात अमुक स्वर, तमुक ठेका’ असं पहिल्या वाक्यात लिहिलं की ती खोटी झाली. तिने सांगावं की कोणाला काय वाजवायला लावलं, कोणाला काय वाजवू दिलं नाही, बिदागी कोणी घेतली, नाव कोणाचं झालं, काय सोडलं गेलं आणि काय परत घेतलं गेलं. हे नाव केव्हा कोणी दिलं आणि केव्हा कोणी स्वतःहून घेतलं, हेही त्यात यावं. आणि त्या नोंदीत ज्यांची नावं येतील ती इतर नोंदींतून काढली जाऊ नयेत: वामनदादा मराठी गीतकारांत हवेत, प्रल्हाद शिंदे भक्तिसंगीतात हवेत, अण्णाभाऊ लावणीतही हवेत. एवढी अट पाळता येत नसेल तर नोंद न केलेली बरी, कारण मग ती खरोखरच वस्तीबाहेरची वस्ती होईल.

विश्वकोशाचं काम आता ज्ञानमंडळांकडून चालतं, नोंदी संगणकावर सतत वाढवता येतात, जागेची सबब उरलेली नाही. राहता राहिला मजकूर. तो वाईत किंवा मुंबईत बसून मिळणार नाही. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा इथे आपण दर वर्षी साहित्य संमेलनं भरवतो, माणसं जमतात, वह्या-पेनं असतात, आता प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाची सोयही आहे. आपल्या गावात हलगी कोण वाजवत होतं, त्याचं नाव काय, कोणत्या साली कोणाच्या घराने ती सोडली आणि का, हे त्या घरच्यांना विचारून, त्यांची परवानगी घेऊन, मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून ठेवा. सांगणारी पिढी ऐंशीच्या पुढे गेली आहे.